वन पॉइंट फोरवरची बायको

कवळीवाल्यांना गल्लीत सगळे कवळीवाले म्हणत, कारण ते दातांच्या कवळ्या बनवत. ते स्वतःला मात्र फोटोग्राफर समजत, आणि तेही साधेसुधे नव्हेत. त्यांच्या कॅमेऱ्याला हाताने फिरवायची जुनी लेन्स होती. झूम नाही, आपोआप फोकस नाही. माणूस मोठा हवा असेल तर आपण पुढे जायचं, लहान हवा असेल तर मागे. असंच मागे जाता जाता ते एकदा उघड्या दारातून शेजाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचले होते. शेजारी भले, त्यांनी पाणी विचारलं.

रविवारी सकाळी घड्याळजींच्या दुकानामागच्या खोलीत या पंथातल्या मंडळींची बैठक भरे. आठवड्याचे फोटो टेबलावर मांडायचे आणि एकमेकांना सूचना द्यायच्या. रिंग फिरवून फोकस जवळपास आला की उरलेला आपण पुढेमागे डुलून साधायचा, ही तिथली शिकवण. ती सवय इतकी अंगात मुरली होती की बैठकीतला चष्मेवाला गिऱ्हाइकांशी बोलतानाही डुले. गिऱ्हाइकांना वाटे, आपलाच नंबर वाढलाय.

आणि बैठकीचा धर्म एकच. लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, सताड उघडं ठेवायचं. लेन्सवरचा सगळ्यात लहान आकडा, वन पॉइंट फोर. मग चेहऱ्याचा बोटभर भाग स्पष्ट येतो आणि बाकीचं सगळं लोण्यासारखं वितळतं. भोक लहान केलं तर सगळंच स्पष्ट दिसतं, पण असला फोटो बैठकीत दाखवायची कुणाची टाप नव्हती. “एवढं मोठं भोक घेतलं ते काय मिटून ठेवायला?” घड्याळजी म्हणत.

अशात कवळीवाल्यांची बायको वाचनालयातल्या नोकरीतून निवृत्त व्हायची वेळ आली. निवृत्त झालेल्यांचे फोटो तिथे भिंतीवर लावत.

“फोटो तुम्हीच काढा,” ती म्हणाली. “फक्त मी ओळखू आले पाहिजे. घरात माझे ढीगभर फोटो आहेत, पण ही मी आहे हे दर वेळी मलाच सांगावं लागतं.”

“त्यात कानातलं किती सुंदर आलंय.”

“अहो, कानातलं निवृत्त होत नाहीये.”

कवळीवाले हिरिरीने कामाला लागले. तिला खिडकीपाशी बसवलं, श्वास रोखायला सांगितलं, डुलले, फोटो काढला. डाव्या डोळ्याची पापणी आली, बाकीची बायको गेली. बैठकीने पापणीची वाहवा केली. पुढच्या रविवारी नाकाचा शेंडा आला. त्याच्या पुढच्या रविवारी तिने मध्येच श्वास घेतला, त्यामुळे खुर्चीची पाठ आली. आता वाचनालयातून फोटोसाठी निरोपावर निरोप येऊ लागले.

“तुमचं काही चुकत नाही हो,” घड्याळजी शेवटी म्हणाले. “चेहराच दमलेला आहे. दुसरा बघा एखादा.”

“ती माझी बायको आहे,” कवळीवाले म्हणाले.

खोलीतलं डुलणं थांबलं.

“असू दे की,” चष्मेवाला समजुतीने म्हणाला. “आम्ही फक्त फोटोबद्दल बोलतोय.”

कवळीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तडक घरी आले, बायकोला खिडकीत बसवलं आणि दात-ओठ खात भोकाची रिंग थेट आठवर नेली. भोक वाटाण्याएवढं झालं. एकच फोटो काढला.

त्यात सगळं आलं. खिडकीची कडी, पडद्याची शिवण, आणि मधोमध बायको, कपाळापासून हनुवटीपर्यंत. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, ओठांच्या कडेच्या रेषा, कानशिलावरचे पांढरे केस.

तिने फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली. कवळीवाल्यांना वाटलं, आता ही रडणार.

“पुसट करून देऊ का थोडा?” त्यांनी विचारलं. “मला… तू एवढी थकलेली आहेस हे ठाऊकच नव्हतं गं.”

“नको. हाच द्या.” तिने फोटो पाकिटात घातला. “तिकडे सगळे मला अशीच ओळखतात.”