लेन्सच्या बॅगेतलं कार्ड

श्रावणातल्या एका रविवारी सेकंडहँड लेन्स आणायला रत्नागिरीहून देवरुखला गेलो होतो. त्यानंतर जे घडलं ते लिहू की नको, असं करत करत आज लिहितोय...

मला फोटोग्राफीचा नाद आहे, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. दोन वर्षं मॅक्रो लेन्स डोक्यात होती, म्हणजे अगदी बारीक फुलं-किडे जवळून टिपणारी. नवीन लेन्स ऑनलाइन कार्टमध्ये टाकायची आणि बायकोचा चेहरा आठवून काढून टाकायची, असं चाललं होतं. त्यामुळे फोटोग्राफीच्या ग्रुपवर देवरुखच्या एका निवृत्त शिक्षकांची जाहिरात दिसली, तेव्हा त्याच मिनिटाला फोन केला.

सर सत्तरीचे. पावसाळ्यात कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, जी इवली इवली फुलं येतात, त्यांचे फोटो काढण्यात त्यांची पंधरा-वीस वर्षं गेलेली. आता हात थरथरायला लागले होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडत होता.

मी अगदी टॉर्च मारून लेन्स तपासली. आपल्याकडच्या दमट हवेत काचेला बुरशी धरते... पण हिच्यावर साधा ओरखडा नव्हता. "बॅगपण घेऊन जा," सर म्हणाले. "मला आता काय करायचीय ती?"

घरी आल्यावर बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात एक मेमरी कार्ड सापडलं. कॅमेऱ्यात घालून चार-पाच फोटो बघितले. फुलंच होती, त्यातली दोन हललेली. टेस्ट शॉट असतील, असं वाटलं. माझं कार्ड भरलेलं, हातात नवी लेन्स, धीर कुठला... केलं फॉरमॅट! मग आठवडाभर परसातल्या मुंग्या, कोळी, अळवावरचे थेंब... शेकड्यांनी फोटो काढले.

पुढच्या रविवारी सरांचा फोन. "नितीन, बॅगेतून एखादं कार्ड आलंय का रे तुझ्याकडे? गेल्या वर्षीचे सड्यावरचे फोटो आहेत त्यात. ते काढले आणि मग डॉक्टर, तपासण्या... कॉम्प्युटरवर घ्यायचं राहूनच गेलं. शेवटचेच ते माझे. आता काही हात स्थिर राहायचा नाही."

मी म्हणालो, "नाही सर. बॅगेत काही नव्हतं."

ठरवून नाही बोललो... तोंडातून निघून गेलं. पण फोन ठेवल्यावर लगेच परत लावता आला असता. नाही लावला.

पुसलेले फोटो परत मिळवायचं सॉफ्टवेअर असतं, ते आणलं. रोज ऑफिसातून आलो की तेच. नऊ फोटो मिळाले, त्यातले पाच अर्धे राखाडी. बाकीच्यांच्या जागी माझ्या मुंग्या जाऊन बसल्या होत्या. सगळे मिळाले की सरांना सांगू, असं ठरवलं होतं. मिळाले नाहीत, म्हणून सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"तुला त्रास देत्ये रे... पण एकदा शेवटचं बघशील का? इथली सगळी कपाटं उपसून झाली. हे आधी म्हणत होते, मी स्वतः कप्प्यात ठेवलंय. आता म्हणतात, नसेन ठेवलं, मला आठवत नाही. चष्मा सापडला नाही तरी घाबरतात. हातांपाठोपाठ डोकंही चाललं, असं घेतलंय मनात."

मला पुढे काय बोललो ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून देवरुखला गेलो आणि दोघांसमोर बसून सगळं सांगितलं. कार्डाचं, फॉरमॅटचं... आणि फोनवरच्या खोट्याचं.

काकू उठून आत गेल्या. सर खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "म्हणजे मी कप्प्यातच ठेवलं होतं?"

"हो सर."

"बाजूच्या?"

"हो. चेनच्या."

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी आत हाक मारली. "कप्प्यातच होतं! मला बरोबर आठवत होतं!"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. पण ते सुटल्यासारखं हसले... तेच मला बघवेना.

नऊ फोटो मी पेनड्राइव्हवर नेले होते. ते त्यांनी एकेक करून बघितले. एका अर्ध्या फोटोपाशी थांबले. "याला पाऊण तास पालथा पडून होतो," म्हणाले. "असू दे."

लेन्स परत द्यायला लागलो तर घेतली नाही. तुम्हाला सड्यावर घेऊन जातो म्हटलं, तर "बघू" म्हणाले.

फाटकापर्यंत काकू आल्या. "पुसले गेले, ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण त्याच दिवशी खरं बोलला असतास, तर तीन आठवडे माणूस सुखाने झोपला असता रे."

मी फाटक ओढून घेतलं आणि निघालो.

आता सड्यावरचं गवत पिवळं पडलंय, फुलांचे दिवस संपले. सरांचा फोन आलेला नाही आणि मला करायचा धीर होत नाही. फोटो माझ्याकडून चुकून गेले. पण माझी लाज झाकायला मी एका शहाण्या माणसाला स्वतःच्याच डोक्यावर शंका घ्यायला लावली... ते काही चुकून झालं नव्हतं.