सांभाराचा रस आणि कपाशीचा पंप

"बाईनं औषध घेतलंय," माझ्या डोळ्यांत बॅटरी मारत डॉक्टर म्हणाले. "ऑर्गनोफॉस्फेट पॉयझनिंग."

म्हणजे कपाशीवर फवारतात त्या कीटकनाशकाची विषबाधा. कापसाचे दिवसच तेव्हा असे होते, विष पिऊन इतकी माणसं यायची, की यवतमाळच्या त्या वॉर्डात कोणाला नवलही वाटलं नाही. मी मान हलवून नाही म्हणत होते, पण तोंडातून नुसती लाळ गळत होती.

मी काही घेतलं नव्हतं. माझ्या अंगात रक्त कमी, म्हणून सासूबाई रोज सकाळी परसातल्या सांभाराचा, कोथिंबिरीचा, रस द्यायच्या. त्या दिवशी रस प्याले आणि थोड्या वेळानं पोटात कळ आली, घाम फुटला, समोरचं धूसर झालं. आमच्या गावाहून, बोरी अरबहून, मला जीपमध्ये घालून आणलं.

ॲट्रोपिन सुरू झालं. हा या विषावरचा उतारा. लाळ थांबते, पण घसा सुकतो, माणूस बरळतो.

नर्सनं नवऱ्याला विचारलं, "घरात भांडण झालं होतं का?"

"नाही जी," म्हणून तो रडायलाच लागला.

तेवढ्यात मला आठवलं, माझ्या गिलासातला उरलेला रस रोज आमची चार वर्षांची पिंकी पिते. एवढी भीती मला स्वतःच्या मरणाचीही वाटली नव्हती. मी नवऱ्याचा सदरा धरला. "पिंकी... रस..."

त्याला वाटलं, मी बरळते आहे. नर्स मात्र वाकली. "कोणता रस, ताई?"

"सांभाराचा."

नवरा डॉक्टरांकडे वळला. "सांभारावर माव्याची कीड पडली होती जी. कपाशी फवारून आलो, पंपात उरलं होतं, तं त्याच्यावरबी मारलं. आईले सांगतलंच नाही."

"मुलीला आत्ताच्या आत्ता आणा," डॉक्टर ओरडले.

गावात आमच्या घराशेजारच्या दुकानात फोन गेला. पिंकी येईपर्यंत मी दाराकडे बघत पडून होते. बाहेर पाऊल वाजलं की मान उचलायचे.

सासूबाई तिला कडेवर घेऊन आल्या. "प्याली नाही वं ते! वास येते म्हणून गिलासच सांडवला. म्या तिले मारलंबी." डॉक्टरांनी तरीही पिंकीला देखरेखीखाली ठेवलं. तिला काही झालं नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर काय खाल्लं, काय प्यालं ते सगळं डॉक्टरांना सांगा. आणि फवारलं असेल तर घरात आधी सांगा. माझं बरळणं ज्यांनी ऐकून घेतलं, त्या नर्सताईंमुळे खरं काय ते कळलं, म्हणून मी हे लिहिते आहे.

नवऱ्यानं तो वाफा खणून टाकला. पुढे सासूबाईंनी दाराशी टोपल्यात धणे पेरले. पहिली कोवळी पानं त्यांनी आधी स्वतः खाल्ली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबल्या, आणि मगच बाकीची आमच्या वरणात घातली.