निरोगी माणसाचं रक्त

माझ्या संशोधनासाठी मी पहिलं रक्त घेतलं ते माझ्या वहिनीचं, आणि तेही निरोगी माणसाचं रक्त म्हणून. पीएच.डी.चं दुसरं वर्ष होतं, दिवाळीची सुट्टी होती. आमचं गाव युसूफ वडगावपासून जीपनं अर्ध्या तासावर. अंगणात बाज टाकून वहिनी बसली, पोलक्याची बाही वर सारली आणि म्हणाली, "घ्या ताई. पर लई घिऊ नका, मला अजून शेरडं चारायला न्यायचीत."

आई गेल्यावर आमचं घर या बाईनं उचललं होतं. दादा शेत बघायचा, शेळ्या वहिनीच्या. मी बी.एस्सी. झाले तेव्हा माझं स्थळ बघायचं घरात ठरत आलं होतं. वहिनी दोन दिवस दादाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी दादा मला एम.एस्सी.च्या प्रवेशाला घेऊन गेला. पुढं मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते म्हणजे नेमकं काय करते, असं गावातल्या बायका विचारायच्या. वहिनी सांगायची, "जंतू धरती." माझ्या विषयाची याहून सोपी व्याख्या माझ्या गाइडनंही कधी केली नाही.

मी जो जंतू धरायला निघाले होते तो शेळ्यांचा. तो कळपात शिरला की शेळ्या गाभडतात, म्हणजे दिवस भरायच्या आत पिल्लू टाकतात. निरशा दुधातून, व्यायल्यावर पडणाऱ्या जारेतून, पडलेल्या पिल्लाला उघडा हात लावण्यातून तो माणसात येतो. माणसात आला की घाई करत नाही. महिनोन् महिने अंगात मुरून बसतो, कंबर धरतो, सांधे धरतो, आणि बाई गर्भार असेल तर तिचंही मूल पाडू शकतो. बीड जिल्ह्यातल्या शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरांमध्ये तो किती पसरलाय, आणि शरीर त्याच्याशी कसं झुंजतं, हे मला रक्तावरून काढायचं होतं.

रक्त घेण्याआधी प्रश्नावली भरून घ्यावी लागायची. ती मीच तयार केली होती आणि तिच्यावर मी फार खूश होते. पहिलाच प्रश्न होता: गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का? 

"न्हाई बा," वहिनी म्हणाली. "ताप यायला सवड कुटं हाय मला?"

मी हसत "नाही"वर खूण केली. कंबर दुखते का? "कुणाची दुखत न्हाई?" तिथंही मी "नाही" लिहिलं. शेळ्या गाभडल्या का? तेव्हा खरंच एकही गाभडली नव्हती. तिचा अंगठा नको म्हणून मी तिला सही करायला लावली. ती तिनं जिभेचं टोक बाहेर काढून, वळणदार केली.

प्रयोगशाळेत परतल्यावर मी चाचणी लावली. तशी ती साधी असते. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्तातल्या पाण्याचा, म्हणजे सिरमचा, एक थेंब घ्यायचा. त्यात मेलेल्या जंतूंचा गुलाबी द्रव घालायचा आणि चार मिनिटं हलवत राहायचं. थेंब एकसारखा गुलाबी राहिला तर रक्ताची त्या जंतूशी ओळख नाही. ओळख असेल तर दूध नासावं तशा गुठळ्या होतात. वहिनीचा थेंब गुलाबी राहायला हवा होता. तेवढ्यासाठीच तर मी तो आणला होता, की बाकीचे नमुने त्याच्याशी ताडून बघता यावेत. दुसऱ्याच मिनिटाला तो नासला.

मी परत लावला, परत नासला. द्रवाची बाटली बदलली, तरीही तेच. मी गाइड मॅडमकडे गेले. त्या कुणाच्या तरी प्रबंधातली प्रकरणं तपासत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "ताप आहे का त्यांना?"

"नाही, मॅडम."

"मग ती जुनी ओळख असेल. शेळ्यांत राहणारी बाई, कधीतरी जंतू येऊन गेला असणार. आजार नाही. पण तुझी चूक अशी की कंट्रोल म्हणून तू शेळ्यांतलीच बाई घेतलीस. होस्टेलवरच्या एखाद्या मुलीचं रक्त घे."

त्यांचं बोलणं बरोबर होतं. मी त्यांना सांगितलं त्यावरून तरी बरोबरच होतं. मनात शंकेची पाल चुकचुकली नाही असं मी म्हणणार नाही. चुकचुकली, पण तिकडं मी कानाडोळा केला. सिनॉप्सिसची तारीख तोंडावर होती. खोलीतल्या मैत्रिणीचं रक्त घेतलं, ते शहाण्यासारखं गुलाबी राहिलं. वहिनीची नळी मी इतर कचऱ्याबरोबर निर्जंतुक करून टाकून दिली आणि वहीतल्या तिच्या ओळीपुढं लिहिलं, "कंट्रोल म्हणून अयोग्य, वगळला." घरी यातलं काहीच कळवलं नाही. कळवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

उन्हाळा सुरू होता होता दादाचा फोन आला. वहिनीला दिवस गेले होते. लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्या आठ वर्षांत गावानं तिला काय काय ऐकवलं होतं ते मला माहीत होतं. हळदीकुंकवाला बोलवायचं आणि ओटी भरताना तिला गाळून पुढच्या बाईकडे जायचं, इथवर मजल गेली होती. फोनवर दादा तेच तेच पुन्हा सांगत होता. वहिनीनं फोन हिसकावून घेतला. "आता तुमचं ते जंतू धरायचं लवकर आटपा. आत्या व्हायचंय तुमाला." मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले.

त्यानंतर महिन्याभरात आमच्या दोन शेळ्या गाभडल्या. तेही मला वहिनीनंच सांगितलं, ऊन फार आहे असं सांगावं तितक्या सहज.

"पिल्लू कुणी काढलं?"

"कोन काडनार? मीच."

"हाताला काही बांधलं होतंस का? वहिनी, तू हात लावू नको. दादाला सांग."

"तुमच्या दादाला शेरडाचं काय कळतंय? अन् हात न लावता मंतर घालून काडू का?"

ती हसत होती. मी तिला निरसं दूध पिऊ नको म्हणून सांगितलं, गोठ्यात जाऊ नको म्हणून सांगितलं, साबणानं हात धू म्हणून सांगितलं. सगळ्याला ती "बरं" म्हणाली. शेवटी मी विचारलं, "ताप नाही ना?" ती म्हणाली, "न्हाई." त्या एका "न्हाई"वर मी झोपायचे. रोज फोन करायचे, तेच विचारायचे, तेच उत्तर घ्यायचे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन का करावासा वाटतो, हे मी स्वतःला विचारत नव्हते.

मे महिन्यात फील्डवर्कसाठी मी चकलांब्याला गेले. शेळ्या राखणारी पाच-सहा घरं एका बाजूला होती. सकाळपासून प्रश्नावल्या भरून घेत होते. ताप? न्हाई. ताप? न्हाई. सगळ्या घरांच्या शेळ्या गाभडल्या होत्या आणि माणसं मात्र ठणठणीत होती. माझ्या कागदांचा गठ्ठा वाढत होता आणि मला मनातून बरंच वाटत होतं, कारण शेळ्या गाभडून माणसं ठणठणीत राहू शकत असतील तर आमच्या घरीही तसंच असेल. शेवटच्या घरी एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. डोळे खोल गेलेले, हाडं वर आलेली. एवढ्या उन्हात तिनं अंगावर घोंगडी घेतली होती.

"मावशी, ताप येतो का?"

"न्हाई माय. ताप कावून यील?"

"मग घोंगडी कशाला?"

"कसर हाय निस्ती. दिवेलागनीला अंगात कसर भरती, मंग पहाटं घाम येतो की जाती. सा महिनं झालं. तिचं काय एवडं."

तापापुढं "नाही"वर केलेली खूण मी खोडली.

कसर हा शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही. आई म्हणायची, लहानपणी माझ्या कपाळाला हात लावून म्हणायची, "कसर हाय गं अंगात, आज शाळेला जाऊ नको." आमच्याकडं ताप म्हणजे माणूस आडवा पडतो, दोन गोधड्या घालाव्या लागतात, सलाईन लावावं लागतं. रोज संध्याकाळी अंग जरा गरम होणं, कणकण येणं, ही कसर. तिला कुणी ताप म्हणत नाही, तिच्यासाठी कुणी दवाखान्यात जात नाही आणि ती कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. माझा जंतू नेमका असाच अंगात राहतो, हे मी पुस्तकांतून पाठ केलं होतं. मीच या मातीतली आणि मीच प्रश्नावलीत ताप लिहून ठेवला होता. शहाणपणा मिरवायची हौस, दुसरं काय.

मी घराबाहेर आले आणि वहिनीला फोन लावला.

"वहिनी, संध्याकाळी अंगात कसर असते का तुझ्या?"

"असती की. ती तर दिवाळीच्या आदीपासून हाय." तिला प्रश्नाचं आश्चर्यच वाटलं. "कावून ओ ताई?"

तिला पाचवा महिना लागला होता. काय सांगितलं मी तिला, ते आता आठवत नाही. मिळेल ती जीप, मिळेल ती एसटी धरत मी निघाले. प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हर सीट भरायची वाट बघत बसायचा आणि मी मनात त्याला शिव्या देत बसायचे. घरी पोचले तेव्हा वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गरम होतं, फार नाही. चुलीची धग असेल असं कुणीही म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिला केजच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि रक्त तपासायला पाठवलं. काय येणार ते मला माहीत होतं, तेच आलं. या आजाराची नेहमीची एक गोळी गर्भारपणात देता येत नाही, म्हणून त्यांनी दुसरं औषध सुरू केलं. "वेळेत आलात म्हणायचं," ते म्हणाले. मी मनात दिवाळीपासूनचे महिने मोजत होते. वहिनी मात्र एकदम हलकी झाली होती. परत येताना जीपमध्ये ती पोटावर हात ठेवून मला बाळाची नावं विचारत होती.

औषध सुरू झाल्याच्या नवव्या दिवशी, दुपारी, बाळ गेलं. मुलगा होता. दादानं त्याला कापडात गुंडाळून शेताच्या बांधावर पुरलं. मला त्यानं येऊ दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला जायचंही नव्हतं. वहिनी तीन दिवस अंथरुणावरच होती. चौथ्या दिवशी उठून तिनं शेळ्यांना पाणी दाखवलं.

पुढं तिचा इलाज पूर्ण झाला. कसर गेली, कंबर दुखायची थांबली, अंग भरलं. मी प्रश्नावली बदलली. तापाच्या जागी कसर लिहिलं आणि त्याच घरांमध्ये पुन्हा फिरले. त्या एका बदलानं माझं सगळं काम फिरलं, आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच भागाचं सगळ्यात जास्त कौतुक केलं. स्थानिक शब्दाकडं इतक्या बारकाईनं लक्ष कसं गेलं, असं त्यांनी विचारलं. फील्डवर गेलं, असं मी म्हणाले. वगळलेल्या नमुन्याबद्दल कुणीच विचारलं नाही. प्रबंधात तो नव्हताच.

गावानं सत्कार ठेवला. शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या, शाल झाली, नारळ झाला, पुढाऱ्यांची भाषणं झाली. मग बायकांनी वहिनीला पुढं ढकललं. तिनं माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला. "आमच्या ताईनं निस्तं फोनवर इचारून माजा आजार वळखला," ती म्हणाली. "त्या नसत्या तर मी आज हितं हुबी नसते." टाळ्या वाजल्या. लाजेनं मला वर बघवेना, आणि लोकांना तो माझा विनय वाटला.

घरी आल्यावर ती माझ्या शालीची घडी घालत होती. दादा बाहेर होता. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, एक इचारू? आजार जरा आदी कळला असता, दिवस जायच्या आदी, तर लेकरू ऱ्हायलं असतं का?"

"तसं नक्की सांगता येत नाही, वहिनी," मी म्हणाले.

शास्त्राला धरून हे उत्तर अचूक आहे. कुठल्याही परीक्षकानं ते मान्य केलं असतं. वहिनीनंही केलं. तिनं शाल पेटीत ठेवली, डोळे पुसले आणि मोकळा श्वास घेतला.

"मंग बरं," ती म्हणाली. "मला आपलं वाटायचं, तुमी सांगितल्यावर बी मी शेरडांत जात ऱ्हायले, म्हनून माज्याच हातानं गेलं."

आणि प्रयोगशाळेत नासलेल्या तिच्या थेंबाबद्दल मी तरीही बोलले नाही.