तो फोन मी केला नव्हता

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसते. चिंचेखालची बाई, पांढरा कुत्रा... दवाखान्यात जन्म गेला माझा. माणसं येताना पाहिली, जाताना पाहिली, गेलेलं कोणी परत आलेलं काही पाहिलं नाही. शिक्षण सातवी नापास. लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. पण एक गोष्ट आहे जी मला अजून सोडवता आलेली नाही, आणि तिचा मला त्रास होतो. भीतीचा नाही... वेगळाच त्रास.

मी मूळची यवतमाळकडची. नवऱ्याच्या मागे नाशिकला आले, तो बांधकामावर होता. मला सातवा महिना असताना तो जो सोडून गेला तो गेलाच. पंचवटीत भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत एक बाळंतपणाचा दवाखाना होता, तिथे मला शेजारणींनी नेऊन घातलं. माझी मुलगी तिथेच झाली. डॉक्टरसाहेबांनी एक पैसा घेतला नाही. वर मला कामाला ठेवलं आणि जिन्याखालची खोली राहायला दिली. पुढे मुलीला बालवाडीत घालायला ते स्वतः स्कूटरवर घेऊन गेले, कारण मला फॉर्म भरता येईना. माझं वय काय, पंचविशीसुद्धा नव्हती, पण दवाखान्यात आयाबाईला मावशीच म्हणतात. साहेबसुद्धा मावशी म्हणायचे. मी मात्र मनात त्यांना भाऊ म्हणायची. मनातच. तोंडाने कधी नाही – आपली पायरी माणसाला कळायला पाहिजे.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपता संपताची.

साहेब एकटेच होते. दिवस नाही, रात्र नाही, बाळंतीण आली की उठायचं. सुट्टी दिवाळीत नाही, कुंभमेळ्यात तर नाहीच. त्यांच्या मिसेस काउंटर सांभाळायच्या, त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो. आधी साहेब जेवायचे बंद झाले. मग पेशंटवर ओरडायला लागले, मग ओरडायचेही बंद झाले – ते जास्त वाईट होतं. एका बाईला तीच गोळी दोनदा लिहून दिली. खाली गाडीत बसायचे, गाडी सुरूच, आणि वरच यायचे नाहीत. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. आणि कचऱ्याच्या बादलीत मला दुखणं थांबवायच्या इंजेक्शनच्या फुटक्या काचा सापडायला लागल्या, ज्या दिवशी कुठल्याच पेशंटला ते दिलेलं नसायचं.

आम्हाला कळलं नव्हतं असं नाही. लता सिस्टर आणि मी, दोघींनाही कळलं होतं. आम्ही काय केलं? झाकलं. मी काचा कागदात गुंडाळून गोदाघाटाच्या उकिरड्यावर नेऊन टाकायची, वहिनींना दिसू नये म्हणून. पेशंट खोळंबले की सिस्टर सांगायची, "साहेब पूजेला बसलेत."

आणि हातमोजे.

तेव्हा हातमोजे फेकून देत नसत. धुवायचे, वाळवायचे, पावडर लावून जोड्या बांधायच्या, मग ते वाफेच्या ड्रममध्ये जायचे. ते काम माझं. साहेबांचे हात थरथरायला लागले तसे मोजे घालताना बोटं अडकायची, चारचौघांत दिसायचं. म्हणून मी त्यांच्यासाठी एक नंबर मोठी जोडी ठेवायला लागले. हात पटकन आत जायचा, कोणाला काही दिसायचं नाही. मला वाटायचं, केवढी सेवा करतेय मी! थरथरत्या हाताला ढिला मोजा... त्या हातात पुढे काय असतं, आणि ते कोणाच्या पोटावर चालतं, हा विचार मी केलाच नाही. म्हणजे... केला. आणि बाजूला ठेवला.

त्या दिवशी दुपारी दिंडोरीकडची एक पोरगी आली. द्राक्षाच्या बागेत कामाला होती, पहिलटकरीण, बाळ आडवं. सिझर करावं लागणार होतं. सोबत तिची सासू. भुलीच्या डॉक्टरांना निरोप गेला, साहेब आपल्या खोलीत दार लावून बसलेले.

"लय येळ झाला बाई," सासू म्हणाली. "डाक्टर कुठं हाय?"

"पूजेला बसलेत," सिस्टर म्हणाली.

"दुपारची कसली वं पूजा? देव बी जेवून आडवा झाला आसंल आता!"

बाकड्यावरच्या बाया हसल्या. मीही हसले. हसत हसतच बादली उचलली आणि आत बघितलं. ताजी काच. आज, आत्ताची.

मी सिस्टरकडे बघितलं, तिनेही ती बघितली होती. ती हळूच म्हणाली, "तू मोजे लाव गं." मी मोजे लावायला बसले. मोठी जोडीच घेतली. पोरगी आत कण्हत होती आणि मी पावडर लावत होते. मनात एकच – कोणीतरी सांगायला पाहिजे, कोणीतरी सांगायला पाहिजे. तोंड उघडलं नाही. नोकरी, खोली, मुलगी... आणि त्यांचे उपकार. त्यांच्याच विरुद्ध मी बोलू?

भुलीचे डॉक्टर आले. पोरीला टेबलावर घेतलं. साहेब हात धुवायला उभे राहिले, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नाशिक रोडच्या मोठ्या मॅडम! साहेबांच्या कॉलेजातल्या गुरू, त्या कधी वर्षातून एकदा यायच्या. साडीचा पदर खोचलेला, धापा टाकत. त्यांनी साहेबांचा चेहरा बघितला, मनगट धरलं, बाही वर केली.

"तू बाहेर बस."

"मॅडम, मी ठीक आहे–"

"बस म्हणते ना! माझं ऐकायचास ना तू? मग ऐक."

साहेब भिंतीला टेकून खालीच बसले. मॅडम माझ्याकडे वळल्या, "माझ्या मापाचे मोजे दे." मुलगा झाला. दोघं सुखरूप. सासूने बाळाच्या आधी मॅडमच्या पायांना हात लावला.

नंतर मॅडमनी आम्हाला समोर उभं केलं. "आजारी आहे तो. चोर नाही की तुम्ही लपवावं! ताप आला असता तर लपवला असता? एवढे दिवस सगळ्यांनी मिळून झाकलंत..." वहिनी रडत होत्या. मग मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एकटी हीच बोलली. हिने फोन केला म्हणून मी आले."

मी म्हटलं, "मी नाही केला."

"घाबरू नकोस. यवतमाळकडची तुझ्याशिवाय आहे कोण इथे? 'आज त्यायच्या हाती चाकू नोका देऊ बाई. माह्या भावाले वाचवा जी.' एवढं बोललीस आणि रडायलाच लागलीस."

नाशिकला आल्यावर सिस्टर लोक 'मले-तुले' म्हणून चिडवायच्या, म्हणून ती बोली मी सोडून दिली होती. मॅडमसमोर तर कधी बोललेच नव्हते. दवाखान्याच्या फोनला डायलचं कुलूप, किल्ली वहिनींच्या कमरेला. मॅडमचा नंबर मला माहीत नाही. मी तर सगळा वेळ मोजे घेऊन बसले होते!

लता सिस्टर नकला करायची, म्हणून तिला एकटीला गाठलं. ती उलट माझ्यावरच घसरली, "मोठी धीट निघालीस गं मावशी, आणि आता नाटक? मी फोन केला असता तर माझ्या आवाजात केला असता. पण मी नाही केला. माझ्यात नव्हती हिंमत." तिने पोराची शपथ घेतली. आणि ती माझ्या समोरच तर होती. कोपऱ्यावरच्या पीसीओवाल्याला विचारलं, तो म्हणाला, दुपारी कोणी बाई आलीच नाही. हे सगळं एक वेळ सोडा... पण 'भाऊ'? ते तर मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

साहेब पुण्याला उपचाराला गेले, बरेच महिने. तोवर मॅडमनी दवाखाना चालवला. परत आल्यावर एक जोडीदार डॉक्टर घेतले, आळीपाळीने ड्यूटी, रविवारी साहेब घरी. पुढे माझ्या मुलीला त्यांनीच नर्सिंगला घातलं. एकदा म्हणाले, "मावशी, फोन करताना भीती वाटली असेल ना?" मी म्हटलं, "वाटली." भीती खरी होती. तेवढीच.

खरं कितीदा ओठावर आलं. पण साहेब प्रत्येक नवीन सिस्टरला पहिल्या दिवशी माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "माझं काही बिनसलेलं दिसलं तर मावशीसारखं लगेच बोलायचं." मी खाली मान घालून फरशी पुसते.

मागच्या वर्षी एका नवीन पोरीने खरंच फोन केला. जोडीदार डॉक्टर लागोपाठच्या ड्यूट्यांनी पार उतरले होते, डोळे उघडत नव्हते आणि तसेच हात धुवायला उभे राहिले. तिने त्यांच्यादेखत साहेबांना घरी फोन लावला. साहेब आले, त्यांना झोपायला पाठवलं. नंतर ती माझ्याजवळ आली, हात गार पडलेले. म्हणाली, "मावशी, तुम्ही केलं होतं म्हणून मला जमलं."

मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

मी तर गप्पच बसणार होते, मग माझ्या आवाजात बोललं कोण, ते मला आजही कळलेलं नाही. संपादकसाहेब, माझं नाव छापू नका. लाजेपोटी नाही. त्या पोरी हे सदर वाचतात.