हात न टेकणारा गडी

रूपा खरात एक दिवस खुर्चीवर बसून पगार मिळवेल, असं कुणी दहा वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर मुकुंदवाडीतल्या तिच्या गल्लीनं ते हसण्यावारी नेलं असतं. ही पोरगी जेवतानासुद्धा उकिडवी बसायची. जिल्ह्याच्या कबड्डी संघात पाच वर्षं उजवा कोपरा तिचा होता. मग परभणीच्या एका सामन्यात गुडघा गेला, ऑपरेशन झालं, आणि मैदान सुटलं ते सुटलंच.

आता ती एकतीस वर्षांची होती. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती अमेरिकेतल्या फुटबॉलचे व्हिडिओ बघायची. आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लांबुळका बॉल हातात धरून पळायचं, नाहीतर लांब फेकायचा. प्रत्येक डाव सुरू होण्याआधी दोन्ही संघ समोरासमोर थांबतात. हल्ला करणाऱ्यांचे पाच दांडगे गडी ओळीनं वाकून उभे, त्यांच्या मागं बॉल फेकणारा. आणि त्यांच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, बचाव करणाऱ्यांची पहिली फळी. रूपानं तिथंच व्हिडिओ थांबवायचा, बचावातल्या एकेका गड्यावर ठिपका ठेवायचा आणि तो कितव्या फळीतला याचा कोड भरायचा. दिवसाला साडेतीनशे डाव. खाली तिचा पाय अखंड हलत असायचा. शेजारचा कृष्णा म्हणायचा, "ताई, तुमच्या पायानं माझा माउस हलतोय."

नियमपुस्तक सोपं होतं. ज्यानं हात जमिनीला टेकलाय तो पहिल्या फळीतला. जो उभा आहे तो दुसऱ्या फळीतला. काही संघ पुढं तिघं ठेवत, काही चौघं. मे महिन्यात परदेशी कंपनीकडून खास काम आलं. निळ्या हेल्मेटांच्या एका संघाला नवा प्रशिक्षक मिळाला होता. तो संघ आजवर पुढं तिघं लावायचा, आणि नवा माणूस त्याच्या जुन्या संघात चौघं लावत आलेला. आता हा काय करणार, तिघं की चौघं, याची तिकडं सगळ्यांना उत्सुकता. म्हणून दोन्हीकडचे जुने सामने नव्यानं तपासायचे होते.

रूपानं तीन दिवस काम केलं आणि चौथ्या दिवशी अभयनं तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. अभय तिच्या गटाचा प्रमुख, पैठणकडच्या शेतकरी घरातला, वयानं तिच्यापेक्षा चार वर्षं लहान.

"ताई, तुमचे शंभरातले एकोणचाळीस कोड चुकीचे येतायत."

"चूक नाय ते, सर."

"कडेला जो उभा आहे त्याला तुम्ही पहिल्या फळीत टाकताय. त्यानं हात टेकलेला नाही."

"नाय टेकला. पण तो कोपरा आहे. सगळ्यांच्या आधी तोच बॉलवाल्यावर जातोय. हात टेकला न टेकला, त्याचं ध्यान कुठं आहे ते बघा की."

"ध्यानाला आपल्याकडं कोड नाही, ताई." अभय हे चिडून बोलला नव्हता, उलट त्याला वाईटच वाटत होतं. "दोन आठवडे देतो. नव्वदच्या वर आणा. नाहीतर मला वरती लेखी कळवावं लागेल."

दोन आठवडे. रूपा जागेवर आली आणि तिनं सोळा डाव नियमाप्रमाणं भरले. सतराव्याला हात अडला. निळ्या हेल्मेटवाल्यांचा तो कडेचा सडपातळ गडी उभाच होता, हात गुडघ्यांवर. पण मागच्या पायाची टाच उचललेली होती आणि सगळा भार पुढच्या चवड्यावर. ती उभं राहण्याची तऱ्हा रूपाला पाठ होती. चढाई करणारी आत शिरली की ती स्वतः अशीच उभी राहायची. तिनं व्हिडिओ पुढं सरकवला. गडी सुटला तो थेट बॉलवाल्याच्या कमरेवर. तिनं मागचे चाळीस डाव काढून बघितले. टाच वर असली की तो पुढं जातो, तळवे सपाट असले की मागं सरकतो. नियमपुस्तकाला यातलं काहीच दिसत नव्हतं.

घरी तिला जेवण जाईना. वडील, पुंडलिक, वाळूजच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं प्रेस मशीनवर काढून निवृत्त झालेले.

"साहेब सांगतोय तसं भर," ते म्हणाले. "वर्षभरात तिसरी नोकरी आहे ही तुझी."

"चुकीचं भरू?"

"तुझ्या मालकाला जे बरोबर ते भर. आमच्या मापाच्या गेजमध्ये बसला तो तुकडा पास, नाय बसला तर नापास. तुकड्याचं ध्यान कुठं आहे ते कुणी नाय विचारलं."

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येण्याचा वार होता. पहाटे मोटर लावून रूपा गच्चीवर टाकी भरायची वाट बघत येरझाऱ्या घालत होती. डोक्यात तोच संघ. आणि आज तिचं लक्ष कडेच्या गड्यावरून मधल्यावर गेलं. फळीच्या मधोमध एक अवाढव्य माणूस असायचा. त्याच्या हाती कधी काही लागायचं नाही. तो नुसता समोरच्या दोघांना अंगावर घ्यायचा आणि तिथंच रुतून बसायचा. त्या दोघांना त्यानं अडकवलं, म्हणूनच कडेच्याला वाट मिळायची. बघणाऱ्याला वाटावं, हा काहीच करत नाही.

रूपा थबकली. परभणीच्या सामन्यात तिच्या शेजारी करुणा होती. पाच वर्षं त्या दोघी हातात हात धरून खेळल्या. त्या दिवशी दांडगी चढाईपटू कोपऱ्यात आली, रूपानं घोटा धरला, करुणानं बाजूनं येऊन दाबायचं होतं. करुणानं हात सोडला. समोरची सगळ्या वजनानिशी रूपाच्या गुडघ्यावर आली. सहा वर्षं रूपा तिच्याशी बोलली नव्हती. पण करुणा आत सरकली असेल तर? चढाईवालीची परतीची वाट अडवायला? टाकी वाहायला लागली, खालून आईनं हाक मारली, तेव्हा ती भानावर आली.

रविवारी सकाळी ती रेल्वे स्टेशनजवळच्या मैदानावर गेली. करुणा तिथं शाळेच्या मुलींना शिकवते हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच सहा वर्षं तो रस्ता ती टाळत आली होती.

"जय भीम," रूपा म्हणाली.

करुणानं शिट्टी तोंडातून काढली. "जय भीम. गुडघा कसा आहे?"

"बरा आहे. मला तुझ्या दहा पोरी पाहिजेत, अर्धा तास. आणि एक बोलायचं होतं." मग तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. मधला माणूस, त्यानं अंगावर घेतलेले दोघं, परतीची वाट. "तू वाट अडवायला गेली होतीस ना? मी उगाच तुला बोल लावत राहिले."

करुणानं मुलींना मैदानाची एक फेरी मारायला पाठवलं.

"नाय," ती म्हणाली. "मी घाबरले होते. आदल्या सामन्यात तिनंच माझा दात पाडला होता. ती आली आणि माझा हात सुटला. सुटला म्हणजे मीच सोडला."

 रूपा माफी मागायला आली होती, आणि समोर हे. राग यायला हवा होता. तो आलाही, पण पूर्वीसारखा चढला नाही. निदान आता नेमकं काय झालं ते माहीत होतं.

"हे तेव्हाच का नाय सांगितलंस?"

"दवाखान्यात आले होते. तू तोंड भिंतीकडं केलंस."

हेही खरं होतं. रूपानं मैदानाकडं मान वळवली. "पोरी दे," ती म्हणाली.

पाच जणींना तिनं व्हिडिओतल्यासारखं ओणवं उभं केलं, एकीला त्यांच्या मागं पाण्याची बाटली घेऊन. समोर चौघी. तिघींना हात टेकायला लावला. कडेला सायली नावाची काटकुळी, चपळ मुलगी होती, तिला कधी हात टेकवून, कधी उभी. वीस वेळा पळवलं. हात टेकून सायली पहिल्या दोन पावलांत जोरात सुटायची. उभी असताना तिला सगळं दिसायचं आणि ती वळून जायची. पण दोन्ही वेळा ती जायची बाटलीवरच. अन् दोन्ही वेळा सुटण्याआधी टाच वर. करुणा बाजूला उभी राहून मोजत होती. "अठरा वेळा पोचली," ती म्हणाली. "तू उगाच नोकरी करतेस."

सोमवारी रूपानं दीड पानाची टिपणी लिहून अभयच्या हातात दिली. तिघं की चौघं हा प्रश्न सोडा, कडेच्या गड्याला स्वतंत्र कोड द्या, असं त्यात होतं. अभयनं ती दोनदा वाचली, इंग्रजी नीट केलं आणि पाठवून दिली. उत्तर आलं नाही. रूपा रोज चारदा त्याच्या टेबलाकडं बघायची. दुसरा आठवडा संपत आला. तिचे कोड आता नियमाप्रमाणं होते, शंभरातले एक्क्याण्णव बरोबर आले. भरताना दर वेळी तिला खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

ऑगस्टमध्ये निळ्या हेल्मेटांचा पहिला सराव सामना आला. पहिलाच डाव थांबवला आणि टेबलांची सगळी रांग स्क्रीनकडं वाकली. पुढं दोघांनीच हात टेकले होते. दोन्ही कडांना एकेक गडी उभा. नियमपुस्तकाप्रमाणं ही फळी दोघांची, डोळ्यांप्रमाणं चौघांची. कुणी दोन लिहिलं, कुणी चार. संध्याकाळपर्यंत बारा जणांचे बारा प्रकार झाले, आणि तिसऱ्या दिवशी कंपनीकडून नवं पान आलं. त्यात कडेच्या गड्यासाठी वेगळा कोड होता. रूपाचं नाव कुठंही नव्हतं. अभयनं तिचे चुकीचे ठरवलेले जुने कोड बरोबर धरले आणि चहा पाजला, तेवढंच.

तिला वाटलं होतं, आता तरी जिवाला शांतता मिळेल. पण पुढच्याच सामन्यात त्या सडपातळ गड्यानं टाच उचलली, भार चवड्यावर घेतला, आणि बॉल सुटताच आरामात मागं सरकला. समोरचे दोघं त्याला अडवायला धावले आणि मधून दुसराच घुसला. समोरच्या संघातही कुणीतरी त्याची टाच वाचली होती, अन् ते त्याला कळलं होतं, म्हणून त्यानं हूल दिली. रूपा एवढ्या मोठ्यानं हसली की कृष्णानं हेडफोन काढले.

आता मंगळवार, गुरुवार, रविवार ती सकाळी सहाला मैदानावर असते. करुणाशी तिचं फार बोलणं होत नाही, होतं ते मुलींबद्दल. शहागंजातून आणलेला गुडघ्याचा पट्टा लावून ती कोपऱ्यात उभी राहून दाखवते. परवा जिल्ह्याच्या निवडीसाठी यादी द्यायची होती. उजव्या कोपऱ्यात करुणाला प्रेरणा हवी होती, रूपाला सायली.

"प्रेरणा घट्ट धरते," करुणा म्हणाली.

"सायली आधी ओळखते."

"आणि धरल्यावर सुटलं तर?"

"शेजारची घट्ट पाहिजे मग. प्रेरणाला शेजारी लाव."

करुणानं यादीवर पेन टेकवला, उचलला. आठ वाजत आले. रूपाला जालना रोडवरून शेअर रिक्षा धरायची होती, तरी तिचा पाय निघेना. फाटकापर्यंत जाऊन ती दोनदा परत आली, कोपऱ्यात कुणाचं नाव पडलं ते बघायला.