सहा गावांचा एक सर्व्हर

गणपतीला गावी जाणाऱ्या बसचं बुकिंग आमच्या गावाचं मुंबईतलं मंडळ वहीत करायचं. ती वही तीस वर्षं बाबांकडे होती. मग मंडळाला वेबसाईट हवीशी झाली. मी अंधेरीच्या एका ऑफिसात वेबसाईटच करते, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

मी शेअर्ड होस्टिंग घेतलं. त्यात एका मोठ्या कॉम्प्युटरवर अनेक वेबसाईट राहतात आणि त्याची ताकद वाटून घेतात. स्वस्त पडतं. आमच्या साईटवर दिवसाला चार माणसं यायची, त्यातली एक मीच. एवढ्याला ते भरपूर होतं. मग शेजारच्या पाच गावांची मंडळं आली, "आम्हालापण करून दे ना." एका प्लॅनमध्ये बऱ्याच साईट मावतात, त्यातच पाचही बसवल्या. तीन मंडळांनी मला कोंबडी-वडे खायला घातले.

शेअर्ड होस्टिंगमध्ये आपला शेजारी कोण ते कळत नाही, अशी लोकांची तक्रार असते. माझे शेजारी मी स्वतः आणले होते. फक्त बुकिंग कधी उघडणार ते विचारायचं राहिलं. सहाही मंडळांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून मुहूर्त काढला. रविवार, सकाळी दहा वाजून बारा मिनिटं.

दहा तेराला सहाही साईट बंद पडल्या. पाऊण तास. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, कॉम्प्युटरला नारळ वाढवला होता का. साईट उठली तेव्हा चार मिनिटांत पंचेचाळीस सीटा गेल्या. बाबा एका बोटाने मोबाईल नंबर टाकत होते. सहाव्या आकड्याला 'बस भरली' आलं.

"बाबा, मी आतून नाव घालते. कोणाला कळणार नाही."

"तसला काय करू नको गो. तीस वर्सां मी कोणाक मागच्या दारान घेतलंय नाय."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. ट्रेन, एसटी केव्हाच भरल्या होत्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाबांचा गावचा गणपती पहिल्यांदा चुकणार होता, तोही माझ्यामुळे.

निघायच्या संध्याकाळी ते सवयीने बोरिवलीला बसच्या दाराशी लिस्ट घेऊन उभे राहिले. मी सोबत होते. चव्वेचाळीस जण चढले. एक आला नव्हता, फोनही उचलत नव्हता.

"काका, तुम्हीच बसा ना," ड्रायव्हर म्हणाला.

बाबांनी घड्याळ बघितलं. "येतलो तो. धा मिनटां थांब."

वीस मिनिटांनी तो आला, मोठी बॅग ओढत. बाबांनी ती डिकीत ठेवायला हात लावला, नावापुढे खूण केली आणि बस सोडली.

रिक्षात त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. लिस्ट-पेन असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. घरी उतरताना मी ती घेतली, तर जड लागली. आत दोन सदरे, पूजेचं धोतर आणि दहा दिवसांच्या गोळ्या होत्या.