स्पेशियस बाथरूम

मला इंग्रजीतलं एकच विशेषण नीट येतं आणि त्याच्यापायी मी आख्ख्या कुटुंबाला बाथरूममध्ये कोंडलं.

बोनकोड्यातला आमचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट चार महिने रिकामा होता. बायकोनं जाहीर केलं, "या रविवारी घर बघायला येणारा भाडेकरूही परत गेला, तर चावी माझ्या भावाकडं!" (माझं घर मेव्हणा दाखवणार? छे!) येणारं जोडपं चेन्नईचं, म्हणून नववीतल्या सईनं मला शब्द शिकवला.

"पप्पा, स्पेशियस म्हणजे ऐसपैस. हॉलला म्हणा, बेडरूमला म्हणा. सगळ्याला नका म्हणू हां!"

हॉल स्पेशियस झाला. बेडरूम झाली. मग माझा ताबाच सुटला. लिफ्ट स्पेशियस, माळा स्पेशियस, मीटरचा बॉक्ससुद्धा स्पेशियस! सईनं कपाळाला हात लावला.

बाथरूममध्ये डोकावून मॅडम म्हणाल्या, "टू स्मॉल."

"नो मॅडम! व्हेरी स्पेशियस! फुल फॅमिली!" म्हणत मी आईला, बायकोला आणि सईला आत ढकललं, मागून स्वतः (वजन विचारू नका) घुसलो आणि पुरावा म्हणून दार लावलं.

ते दार आतल्या बाजूला उघडतं, हे तेव्हा आठवलं.

"आरं, ह्यो कोनाचा कोपर हाय?" आई ओरडली.

"आई, तुमी बादलीत उभ्या राहा!" बायको म्हणाली.

"बादलीतच हाय ना मी!"

"पप्पा, पोट आत घ्या!"

"आतच आहे गं!"

बाहेरून साहेब ओरडले, "अंकल, मूव्ह लेफ्ट!" लेफ्टला जागा नव्हती, आई होती. मी जोर लावून वळलो, पाठ नळाला लागली आणि शॉवर धो धो सुटला! आई किंचाळत कमोडवर चढली, तेवढ्या मोकळ्या जागेत दार उघडलं आणि आम्ही एकेक करून बाहेर घसरलो.

हॉलमध्ये निथळत उभा राहिलो. गेली चावी! पण मॅडमचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या शॉवरकडे बघत होत्या.

"चौथ्या मजल्यावर इतकं प्रेशर?" साहेबांनी हिंदीत विचारलं. सकाळपासून पाहिलेल्या प्रत्येक फ्लॅटात नळ नुसता ठिबकत होता म्हणे. "अंकल, फ्लॅट पक्का!"

जिंकलो! चावी माझ्याकडेच राहिली! फक्त आता ओळखीतल्या कुणाचाही फ्लॅट दाखवायचा असला, की बायको मला तोंड उघडू देत नाही. हातात टॉवेल देते आणि शॉवरखाली उभं करते.